उरलं का काही, नाना?

नाना, तुमच्या मशीनची बॅटरी शेवटी बदलून आणली. परवा त्यासाठी धुळ्याला जाऊन आले. आत्ता ती कोनाड्यात चार्जिंगला लावली आहे, तुम्ही लावायचात तिथेच, देवघराशेजारच्या प्लगला. रात्री लाईट नव्हती, पहाटे आली, त्यामुळे चार्जरवरचा दिवा अजून लाल आहे. तो हिरवा झाल्याशिवाय मला कामावर निघता येत नाही, म्हणून लिहायला बसले. तोंडाने मी तुम्हाला जन्मभर 'तू' म्हणाले, आपल्याकडे बापाला 'तू'च म्हणतात, पण कागदावर लिहायला लागलं की आपोआप 'तुम्ही' येतं. शाळेत पत्रलेखन शिकवणाऱ्या बाईंची ही कृपा. तुम्हाला हसू येत असेल तर हसून घ्या.

माय अजून उठलेली नाही. हल्ली ती उशिराच उठते, ओट्यावर ऊन आलं की मग. तिची काठी दाराशी टेकवून ठेवलेली आहे. त्या काठीचं मी पुढे सांगणार आहे, पण आधी मशीनचं सांगू द्या, नाहीतर तुम्हाला वाटेल, पोरगी इतकी वर्षं गप्प बसली आणि आता एकदम काठी घेऊनच पुढे आली.

हे मशीन आलं तेव्हा मी सातवी-आठवीत असेन. त्याआधी ठिबकच्या कामाला तुम्ही गिरमिट घेऊन जायचात. शेताच्या कडेने जो मोठा पाइप जातो त्याला प्रत्येक ओळीसमोर एक भोक पाडायचं, भोकात रबराची चकती बसवायची, चकतीत कॉक, कॉकला काळी नळी, आणि त्या नळीतून केळीच्या बुडाशी थेंब थेंब पाणी. भोक जरा वेडंवाकडं पडलं की चकती गळते आणि शेतकरी वर्षभर नावाने ओरडतो. गिरमिट फिरवून फिरवून तुमच्या उजव्या तळहाताला इतके घट्टे पडले होते की तुम्ही गालावरून हात फिरवला की मला खरखरायचं. शेतात लाईट कुठली असायला! जी यायची ती विहिरीवरच्या मोटारीपुरती. मग एके दिवशी तुम्ही जळगावहून एक पेटी घेऊन आलात, ओट्यावर बसून उघडलीत, आणि अख्खी गल्ली जमली. वायर नसलेलं ड्रिल मशीन! तुम्ही बटण दाबलंत, मशीन गरगरलं, आणि शेजारची म्हातारी दोन पावलं मागे सरकली. माय आतून आली, तिने मशीन हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली की याची मूठ घामाने निसटेल. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून त्या मुठीला घट्ट गुंडाळून दिली. ती पट्टी अजून आहे. तिचा रंग कोणता होता ते मात्र आता कळत नाही.

त्या दुकानदाराने तुम्हाला एक गोष्ट बजावून सांगितली होती. ही बॅटरी अर्धवट असताना चार्जिंगला लावायची नाही. आधी पूर्ण रिकामी करायची, मगच भरायची. नाहीतर तिला अर्ध्यातच थांबायची सवय लागते आणि पुढे ती तेवढीच चालते. तुम्ही हा नियम असा धरलात की तुमच्या बरोबरीचे फिटर चेष्टा करायचे. ते लोक संध्याकाळी मशीन नुसतं हवेत धरून फिरवायचे, बीडी संपेपर्यंत बॅटरी संपायची, काम झालं. तुम्हाला ते बघवायचं नाही. हवेत फिरवणं म्हणजे तुम्हाला ताटात वाढलेलं टाकून देण्यासारखं वाटायचं. म्हणून मग तुम्ही काम संपल्यावर त्या गावात थांबायला लागलात, आणि कुणाला कुठे भोक पाडून हवं असेल तर ते फुकट पाडून द्यायला लागलात. उरलेली बॅटरी गावाची, असं ते ठरूनच गेलं.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुमच्याबरोबर गिरणेकाठच्या एका गावाला आले होते, आठवतं का? मावळतीला तुम्ही शेतातून वर आलात, आणि मारुतीच्या पारावर माणसं बसलेलीच होती. एकाच्या मांडीवर खाटेचा पाय, एकीच्या हातात कोंबड्यांच्या पाण्याचा डबा, एका घरी मुलीचं लग्न ठरलेलं, तर तिच्या पेटीला कोयंडा बसवायचा होता. सगळ्यांचा एकच प्रश्न: "उरनं का काही, नाना?" आणि तुम्ही मशीन कानाशी धरून, जरासं फिरवून, ज्योतिष्यासारखा चेहरा करून सांगायचात, "उरनं, उरनं. बठ्ठासनं व्हई जाई." सगळ्यांचं होईल. त्या लग्नाच्या पेटीला तुम्ही इतक्या मायेने भोकं पाडलीत, खालून लाकडाचा तुकडा लावून, पत्रा वाकू नये म्हणून. शेवटी मशीनचा आवाज जड व्हायला लागला, मग ते कुंथलं, आणि थांबलं. तुम्ही आणखी एकदा बटण दाबून पाहिलंत. "व्हयनी रिकामी," म्हणालात, झाली एकदाची, आणि इतके खूश दिसलात की मी तुम्हाला घरी कधी तसं पाहिलेलं नव्हतं. कुणीतरी गूळ-शेंगदाणे दिले. मी ते खात तुमच्या सायकलवर मागे बसून आले. तुमचं मला त्या संध्याकाळी फार कौतुक वाटलं होतं, हेही लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मला नुसत्या तक्रारीच करायच्या आहेत.

पण नाना, त्या नियमामुळे घरी कायम रिकामं मशीन यायचं. सकाळची भरलेली बॅटरी कामाची, संध्याकाळची उरलेली गावाची, आणि रात्रभर ती चार्जरवर. घराच्या वाटणीला एक मिनिट नव्हतं. मामाने शिरपूरहून सागाची एक फळी पाठवली होती, मायला स्वयंपाकघरात डबे ठेवायला. आपली भिंत मातीच्या विटांची, तिच्यात खिळा ठोकला की ढेकूळच बाहेर यायचं. मशीनने भोक पाडून, गिट्टी बसवून, स्क्रू आवळला तरच फळी टिकणार. भोकं फक्त चार. माय विचारायची, आज होईल का, आणि तुम्ही हातपाय धुता धुता म्हणायचात, "आज रिकामी व्हयनी. सकाय दखू." उद्या बघू. माय "बरं" म्हणायची आणि कळण्याची भाकरी थापायला घ्यायची. तिचे डबे केळीच्या क्रेटवर राहिले, आणि तिला वाकून वाकून डाळ काढावी लागली. फळी आधी दारामागे उभी होती, मग ती पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून गेली. कुणी नातेवाईक बायका हसल्या, की फिटरच्या घरात फळी नाही, तर माय तुमचीच बाजू घ्यायची. "त्यासना इलाज नही. बॅटरीना नेमच तसा शे."

दहावीच्या वर्षी मी एकदा पहाटे उठून ते मशीन चार्जरवरून काढलं. तुम्ही ओट्यावर दात घासत होतात. मी क्रेटवर चढले, भिंतीला टोक लावलं आणि बटण दाबलं. एक भोक पडलं, छान सरळ पडलं, माती माझ्या केसांत आली, आणि तुम्ही तोंडातला फेस तसाच घेऊन आत आलात. तुम्ही मारलं नाहीत, कधीच मारलं नाहीत. माझ्या हातातून मशीन काढून घेतलंत, सदऱ्याने पुसलंत, आणि म्हणालात, "भरेल बॅटरीले हात लावानं नही. ती दिवसनी शे." माय चुलीपाशी होती, तिने मान वर केली नाही. मी केसांतली माती झटकली आणि शाळेत गेले. संध्याकाळी तुम्ही घरी आलात ते बाभळीचा एक ठोकळा घेऊन. त्याला ओळीने भोकं पाडलेली, पेनं आणि पेन्सिली उभ्या ठेवायला, आणि कडा काचेने घासून गुळगुळीत केलेल्या. कुठल्यातरी गावात बसून, उरलेल्या बॅटरीवर, तुम्ही तो माझ्यासाठी केला होता. मी घेतला, पण तोंड फुगवूनच घेतला. आजही तो माझ्यासमोर आहे, हे पेन त्यातूनच काढलं आहे. भिंतीतलं ते एक भोकही आहे. मायने त्यात काडी खोचून चाळणी अडकवली होती, ती अजून तिथेच असते.

तुम्ही गेलात त्या उन्हाळ्यात मृगबागेची, मृगातल्या केळी लागवडीची, गडबड होती. सगळ्यांना पावसाआधी ठिबक हवं होतं, तुम्ही भर उन्हात पाइपावर वाकलेले असायचात, छातीत दुखतंय म्हणून दोनदा बसलात आणि दोनदा उठून कामाला लागलात. तिसऱ्यांदा उठला नाहीत. तेराव्यानंतर एक शेतकरी घरी आला, फार अवघडून उभा राहिला, आणि म्हणाला की अर्धं शेत तसंच राहिलंय, रोपं आणून ठेवलीत, काय करू? घरात ते काम पाहिलेली मी एकटी. मी गेले आणि अर्धं राहिलेलं पुरं केलं, तुमच्याच मशीनने. त्यानंतर दुसरं काम आलं आणि तिसरं आलं. मुलगी ठिबक बसवते म्हणून पहिल्या वर्षी लोक बांधावर बघायला उभे राहायचे. आता दोन गडी हाताखाली आहेत, आणि बघायला कुणी येत नाही.

तुमच्या मशीनची बॅटरी वर्षभरात मेली. मी नवं घेतलं. त्याच्या बॅटरीचंही वर्षभरात तेच. मग आणखी एक मशीन. कंपनीने दरम्यान खाचाच बदलल्या, जुनी बॅटरी नव्या मशीनला बसेना आणि नवी जुन्याला, आणि आपल्या मागच्या खोलीत धडधाकट मशीनं बॅटरीवाचून बसून राहिली. जळगावच्या दुकानात शेठ मला पाहिलं की खुर्ची पुढे करायचे. काही वर्षांपूर्वी मी त्यांना म्हटलं, "शेठ, नुसती बॅटरी द्या, मशीन चांगलं आहे." ते म्हणाले, "ताई, मी तुम्हाला बॅटरी विकीन, पण तुमचं नुकसान होईल. बॅटरी एकटी घेतली तर सोन्याच्या भावात. पूर्ण सेट घ्या ना, मशीन, दोन बॅटऱ्या, चार्जर, वरून पेटी." मी म्हटलं, मग या चांगल्या मशीनचं काय करू? "त्याचं काय करणार, राहू द्या घरी." हा हिशेब मला आजवर समजलेला नाही. काळजाला काही झालं नाही, हातपाय चांगले आहेत, पण जेवण महाग म्हणून माणूसच नवा आणा.

मग त्यांनी विचारलं, "पण तुमच्याच बॅटऱ्या इतक्या लवकर का जातात? संध्याकाळी काय करता?" मी अभिमानाने सांगितलं की पूर्ण रिकामी करते, दिवा लुकलुकायला लागला तरी सोडत नाही, अगदी हलेनाशी होईपर्यंत चालवते, आणि मगच चार्जिंगला लावते. आमच्या नानांची शिस्त आहे. शेठनी कपाळावर हात मारला. "अहो ताई, ती जुन्या सेलची गोष्ट! आता लिथियम आहे. याला पूर्ण रिकामं केलं की ते मरतं. थोडं शिल्लक असतानाच लावायचं." नाना, मी इतकी वर्षं तुमचा शब्द पाळून एकेक बॅटरी हाताने मारत होते. मला तिथे हसूही आलं आणि रडूही. पण खरं सांगते, त्या दिवसापासून मला मोकळं वाटलं. मीही तोपर्यंत उरलेली बॅटरी गावात वाटत होते, तुमच्याइतकी नाही, पण वाटत होते. आता कारणच उरलं नाही. कुणी "उरलं का?" विचारलं की मी सांगायचे, नव्या बॅटरीत उरवायचंच असतं, संपवायचं नसतं. ते खरंच होतं. हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं, आणि मी दिवेलागणीच्या आत घरी यायला लागले.

या महिन्यात शेठनी निरोप दिला, की जुनं कुठलंही मशीन आणा, नव्यावर सूट आहे. मी मागच्या खोलीतून तुमचं मशीन उचललं. माझा विचार पक्का होता, मोटारीचं वय झालेलं, ते ठेवून करायचं काय? दुकानातल्या पोऱ्याने ते घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि ब्लेड काढून मुठीवरची पट्टी खरवडायला लागला. कंपनीचा नंबर त्या पट्टीखाली होता. लुगड्याचा एक धागा निघून काउंटरवर पडला. माझ्या तोंडून "ए, थांब!" इतकं मोठ्याने निघालं की बाहेरचं गिऱ्हाईक आत डोकावलं. शेठ समजूतदार माणूस. त्यांनी स्वतः मशीन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मग चालू तरी करून घ्या. धुळ्याला पाचकंदीलच्या मागच्या गल्लीत एक काका आहेत, बॅटरी उघडून आतले सेल बदलून देतात."

ते काका आता म्हातारे झालेत, जाड चष्मा लावतात, टेबलावर सगळे उघडे पडलेले चार्जर आणि टॉर्च. त्यांनी तुमची बॅटरी हातात घेतली, चार स्क्रू काढले, झाकण उघडलं, आणि आत बघून हसले. "हे तर माझंच काम आहे," म्हणाले. सेलभोवती पिवळी चिकटपट्टी आणि वरून दोऱ्याचे तीन वेढे होते, ती त्यांची पद्धत. मग त्यांनी मशीन पाहिलं, मुठीची पट्टी पाहिली, आणि मला विचारलं, "ठिबकवाले नाना तुमचे कोण?" मी सांगितलं. त्यांनी चहा मागवला.

मला हे माहीतच नव्हतं, की तुमची मूळची बॅटरी तुम्ही असतानाच मेली होती, आणि कंपनीने ती बंद केल्यावर तुम्ही या काकांना शोधून काढलं होतं. त्यांनी तुम्हाला लॅपटॉपमधून काढलेले सेल घालून दिले, चार्जरही बदलून दिला. तो नवा चार्जर मला आठवतो. मी विचारलं होतं, आणि तुम्ही म्हणाला होतात, "जुना जयी ग्या." जळला म्हणून. काका सांगत होते, "मी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं, नाना, हे सेल वेगळे आहेत. आता रिकामी करत जाऊ नका. थोडं राखूनच घरी जात जा. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग हसले आणि मला म्हणाले, मंग लोकेस्ले काय सांगू?"

मग लोकांना काय सांगू? काकांना ते फार आवडलं होतं, मला सांगतानाही त्यांचे डोळे पाणावले. "पुढे दरवर्षी यायचे," म्हणाले, "सेल मेलेले घेऊन. मी ओरडायचो. ते चहा पाजायचे. असा माणूस नाही हो पाहिला, लोकांसाठी स्वतःची बॅटरी जाळणारा." मी मान हलवत होते, आणि माझा चहा निवत होता. मी हिशेब करत होते की दहावीच्या त्या सकाळी आत कुठले सेल होते. तेव्हा चार्जर नवाच होता, नाना. तो मला नीट आठवतो, कारण मशीन त्याच्यावरून काढताना मला खटका सापडत नव्हता.

एसटीत खिडकीशी बसून मी पारोळ्यापर्यंत तुमच्याशी भांडत आले. मनातल्या मनात, पण ओठ हलत असावेत, कारण शेजारच्या बाईने मला पाण्याची बाटली दिली. तुम्हाला कळलेलं होतं. नियम संपला होता. तुम्ही राखून आणू शकत होतात, आणि तुम्ही आणलं नाहीत, आणि वर त्या नियमाच्या आड उभे राहून "सकाय दखू" म्हणत राहिलात. बाहेर तुम्ही देवमाणूस होतात, आणि माय वाकून डाळ काढत होती. पारोळ्याला गाडी बदलली आणि पुढच्या गाडीत मला नुसतं रडू आलं. तुम्ही असतात तर मी विचारलं असतं की आम्ही काय चुकलो होतो. आम्ही पारावर येऊन बसलो नाही, एवढंच ना?

घरी पोचले तर माय ओट्यावरच बसलेली. मी पिशवीतून मशीन काढलं आणि बटण दाबलं. सेलमध्ये थोडा जीव होता, ते गरगरलं. माय एकदम ताठ झाली. तिची नजर आता अंधूक झालीय, पण आवाज तिने ओळखला. पदर डोक्यावर सारखा केला, तुम्ही आल्यावर करायची तसा. मग म्हणाली, "काय बोलना तो धुयानावाला?"

काकांची सगळी गोष्ट माझ्या जिभेवर होती. मी तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ती सगळ्या नातेवाइकांना बॅटरीचा नेम सांगत आली, त्या एका नेमावर तिने तुमच्याशी संसार केला. आता मी तिला काय सांगू? मी म्हटलं, "बोलना, नानानं बरोबर व्हतं. ती रिकामीच करनी पडे."

"मी सांगं व्हतं ना तुले," माय म्हणाली. तिचा चेहरा इतका निवांत झाला की मला तिथून उठून आत जावं लागलं.

आतून मी ओरडून विचारलं, की आता फळी लावून देऊ का? ती म्हणाली, "आते कसाले ती फयी? मना हात तठलोंग पुरस नही. त्यापेक्षा मनी काठीले भोक पाडी दे. दोरी बांधसू. घडी घडी हातमाईन पडी जास ती." हात आता फळीपर्यंत पोचत नाही, त्यापेक्षा काठीला वरच्या टोकाशी एक भोक, त्यात दोरीचा फास, फास मनगटात अडकवायचा, म्हणजे काठी हातातून पडणार नाही. एवढंच तिचं मागणं. पण काकांनी बजावलं होतं, की आधी एकदा पूर्ण चार्ज करा आणि मग वापरा. म्हणून मी म्हटलं, "सकाय करू, माय." ती "बरं" म्हणाली.

तर ती सकाळ म्हणजे कालची. काल मी उठले, मशीन भरलेलं होतं, पिकअप दारात उभी होती, गडी हाका मारत होते. मला तुमचं मशीन शेतात चालवून पाहायची इतकी घाई झाली होती की मी चार्जरवरून काढलं आणि निघाले. काठी दाराशीच होती, मी तिला ओलांडूनच गेले असणार. गिरणेकाठचंच काम होतं, केळीची नवी लागवड. मशीन सुरेख चाललं, मुठीची पट्टी हाताला बरोबर बसली. संध्याकाळी आवरून वर आले तर पाराशेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. माझ्या हाताकडे बघत उभी राहिली. "हाई नानानं मशीन शे ना?" म्हणाली. मी म्हटलं, व्हय अक्का. "तू नानानी आंडेर?" हो, मुलगी, म्हणून मी मान हलवली. आणि ती तोंडभर हसली, एकही दात नाही, आणि तिने विचारलं, "मंग, उरनं का काही?"

किती वर्षांनी मला हे कुणी विचारलं, नाना. मला माहीत होतं की थोडं राखून घरी न्यायचं आहे. काकांनी दोनदा सांगितलं होतं. आणि मी मशीन कानाशी धरलं, जरासं फिरवलं, आणि म्हणाले, "उरनं, अक्का. रिकामीच करनी शे आते." तिच्या दाराच्या कडीचं भोक पाडलं. मग शेजारीण खाट घेऊन आली, मग कुणाची तरी तुळशीची प्लास्टिकची कुंडी, तिला खाली पाण्यासाठी भोक नव्हतं. एक माणूस सांगत होता की त्याच्या बायकोच्या लग्नाच्या पेटीला तुम्हीच कोयंडा बसवला होता, अजून शाबूत आहे. मी खालून लाकडाचा तुकडा लावून, हळूहळू, नीट भोकं पाडत गेले. आवाज जड झाला, मशीन कुंथलं, थांबलं. मी आणखी एकदा बटण दाबून पाहिलं. लोकांनी गूळ-शेंगदाणे दिले, तेही अजून तसंच.

घरी आले तेव्हा दिवे लागले होते. माय काठी मांडीवर घेऊन, सुतळीचा फास वळून, तयार बसली होती. मी हातपाय धुता धुता म्हटलं की आज रिकामी झाली गं, उद्या करू. ती म्हणाली, "बरं." आणि सुतळी गुंडाळून कमरेला खोचली.

हिरवा दिवा लागलाय. गडी आता येतील. हा कागद कुठे पाठवायचा नाही, बाभळीच्या ठोकळ्याखाली दुमडून ठेवीन. माय उठायच्या आत काठीला भोक पाडते, भरलेल्या बॅटरीने, तुम्ही नको म्हणाला होतात तरी. तुमच्यावरचा राग गेलेला नाही, तो जाईल असंही वाटत नाही. पण तुम्हाला एक सांगायचं राहिलं. काल पिकअपमध्ये, रिकामं मशीन मांडीवर घेऊन, रस्ताभर मला फार बरं वाटत होतं, नाना. दारात पोचेपर्यंत काठी आठवलीच नाही.